सही केली म्हणून पाच वर्षं भडंग करायचं नाही?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश:

सांगलीजवळच्या गावात आमचा घरगुती भडंगाचा व्यवसाय आहे. सासूबाईंनी सुरू केला, आता मी आणि माझे पती पाहतो. हाताखाली आठ बायका आहेत. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. माल आमचा, पाकीट आणि नाव त्यांचं. करार इंग्रजीत, सोळा पानांचा. 'फॉरमॅलिटी आहे' असं सांगितलं गेलं आणि मी सही केली. त्यांनी पॅकिंग मशीन दिलं, त्यासाठी आमच्याकडून दोन लाख डिपॉझिट घेतलं. पैसे ९० दिवसांनी द्यायचे ठरले होते, हातात पडायला चार-चार महिने लागतात. मध्येच दरही कमी केला. आता बाहेर पडून स्वतःच्या नावाने माल विकायचा विचार आहे.

पण करारात लिहिलंय की करार संपल्यावर पाच वर्षं सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत भडंग किंवा तत्सम पदार्थ बनवायचा नाही, विकायचा नाही. मोडलं तर दहा लाख दंड आणि डिपॉझिट जप्त. हिशेबाची तक्रार पंधरा दिवसांत केली नाही तर हक्क संपला. वाद झाला तर लवाद म्हणून कंपनीचेच एक संचालक, आणि कोर्ट पुण्याचं. पाककृतीही कंपनीची, असं कुठेतरी आहे. सासूबाई म्हणतात, सही केलीस ना, मग निस्तर. दीर म्हणतात, असल्या अटी कोर्टात टिकत नाहीत, माझ्या नावावर उद्यापासून सुरू करू. मी कोणाचं ऐकू?

*

ताई,

पूर्णपणे कोणाचंच ऐकू नका. सासूबाई आणि दीर दोघंही अख्ख्या कराराचा निकाल एका वाक्यात लावून मोकळे झालेत. तुमच्या सोळा पानांत काही अटी लिहून न लिहिल्यासारख्या आहेत, काही तुमच्यावर पुरेपूर बंधनकारक आहेत. आणि एक अट अशी आहे की तिच्याबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी ज्या अटीने तुमची झोप उडवली आहे ती. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं २७ वं कलम सांगतं की कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा व्यापार करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. तुम्ही राजीखुशीने सही केली होती का, स्टॅम्प पेपर कितीचा होता, नोटरी झाली होती का, याने फरक पडत नाही. अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी एक १८७४ सालचा, कलकत्त्याचा. एकाच भागात धंदा करणारे दोन प्रतिस्पर्धी दुकानदार. एकाने दुसऱ्याला म्हटलं, तू इथला गाशा गुंडाळ, मी तुला अमुक पैसे देतो. दुसऱ्याने खरोखर दुकान बंद केलं. पहिल्याने पैसे द्यायला नकार दिला. दुकान बंद करणारा कोर्टात गेला आणि हरला, कारण तो करारच मुळात रद्दबातल ठरला. बंदी त्या एका भागापुरतीच होती, हा युक्तिवादही चालला नाही. इंग्लंडच्या न्यायालयांत असं बंधन 'वाजवी' असेल तर टिकू शकतं. आपल्याकडे कलम २७ मध्ये वाजवी-गैरवाजवीचा हिशेबच ठेवलेला नाही. त्यामुळे 'चारच तर जिल्हे आहेत' किंवा 'पाचच तर वर्षं आहेत' असं कंपनीने म्हटलं तरी तिचं फारसं भागत नाही.

त्या बिचाऱ्या दुकानदाराची गोष्ट मुद्दाम सांगितली. हे कलम दुबळ्याची बाजू घेत नाही. ते फक्त असल्या कराराला कोर्टाचा हात लावू देत नाही, मग नुकसान कोणाचंही होवो.

अलीकडचं उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं. त्याची जाहिरातींची कामं पाहणाऱ्या कंपनीच्या करारात अशी अट होती की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाशी करार करण्याआधी पहिली संधी त्यांना द्यायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट मान्य केली नाही. करार संपल्यानंतरचं असं बंधन कलम २७ खाली रद्दबातल ठरतं, असं म्हटलं.

आता दिरांसाठी. करार संपल्यानंतरचं बंधन आणि करार चालू असतानाचं बंधन यांत न्यायालयांनी स्पष्ट फरक केला आहे. चालू मुदतीत 'दुसऱ्यासाठी काम करणार नाही, दुसऱ्याचा माल विकणार नाही' ही अट साधारणपणे टिकते. १९६७ मध्ये एका गिरणीच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आणि १९९५ मध्ये गुजरातमधल्या कोका-कोलाच्या बाटल्या भरणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तुमच्या कराराचं अजून एक वर्ष शिल्लक आहे. उद्या दिरांच्या नावावर तोच भडंग, त्याच भट्टीवर, त्याच बायकांच्या हातचा निघाला, तर करार तुम्हीच मोडलात असं होईल. नाव दिरांचं आहे म्हणून कोणी फसत नाही. उलट लपवाछपवी केली एवढंच कागदावर येईल, आणि मग कंपनीची चार महिन्यांची थकबाकी बाजूला राहून चर्चा तुमच्यावर सुरू होईल.

या कलमाला एक अपवाद आहे, तो तुमच्या कागदात नाही ना हे बघा. धंदा त्याच्या नावलौकिकासकट विकला, तर विकणाऱ्याने ठरावीक भागात तसाच धंदा करू नये अशी अट घालता येते. तुम्ही तसं काही विकलेलं नाही, नुसता माल पुरवला आहे. पण सोळा पानांत 'गुडविल' असा शब्द आणि त्यासाठी दाखवलेली रक्कम कुठे आहे का, ते वकिलाकडून तपासून घ्या.

सासूबाईंशी मात्र मी वाद घालणार नाही. दिला शब्द पाळावा हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण शब्द कशाचा दिला होता? तीन वर्षं माल पुरवण्याचा. तो पाळा, किंवा करारातल्या रीतीने नोटीस देऊन संपवा. पुढची पाच वर्षं हात बांधून बसण्याचे कंपनीने तुम्हाला किती पैसे दिले, एवढं त्यांना विचारून बघा.

दहा लाखांच्या आकड्याने घाबरवण्याचं काम चोख केलंय. करारात दंडाची रक्कम लिहिली की ती आपोआप द्यावी लागते असा समज गणपती पेठेपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत सगळीकडे आहे. कलम ७४ तसं म्हणत नाही. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवतं. १९६३ पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलं आहे. आणि पाच वर्षांची अटच रद्दबातल असेल, तर ती मोडल्याचा दंड कुठून आणणार? मात्र चालू मुदतीतली अट मोडलीत तर याच आकड्याखाली भरपाई मागितली जाऊ शकते. दिरांना हेही सांगा.

डिपॉझिटचंही तसंच. १९४७ साली उत्तर प्रदेशातल्या लष्करी मुख्यालयाला मौला बक्ष नावाचे कंत्राटदार बटाटे पुरवणार होते, आणि दुसऱ्या कंत्राटात कोंबड्या, अंडी, मासे. अनामत दहा हजार आणि साडेआठ हजार. पुरवठा नीट झाला नाही, सरकारने करार मोडून दोन्ही रकमा जप्त केल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ मध्ये न्यायालयाने सरकारलाच विचारलं की नुकसान किती झालं ते दाखवा. बाजारभाव काढून ते दाखवता आलं असतं, सरकारने दाखवलंच नव्हतं. अनामत परत करावी लागली. तुमच्या दोन लाखांसाठी हे लक्षात ठेवा. मशीन परत कराल तेव्हा ते चालू असल्याचा व्हिडिओ काढा आणि मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेम्पोत चढवू नका.

पैशाचा मुद्दा तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलात, पण तुमचं खरं बळ तिथेच आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू नये. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. तुमच्या करारातले ९० दिवस ४५ च्या पुढे चालतच नाहीत, दोघांच्या सह्या असल्या तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक दर सहा टक्के धरला तर अठरा. 'व्याज मिळणार नाही' असं करारात लिहिलेलं असलं तरी कायदा वरचढ. शिवाय २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. तुमचा उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असू द्या. कंपनीच्या सीएच्या नजरेला तो पडला की निम्मं काम होतं.

यात एक खाचखळगा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असं म्हटलं की नोंदणी आधी आणि व्यवहार नंतर असेल तरच या कायद्याचा फायदा. त्यावर पुढे फेरविचार सुरू झाला आहे, पण आपण कशाला अडकायचं? तुमची उद्यम नोंदणी कर्जाच्या वेळी झाली असेल तर तिची तारीख आणि पहिल्या बिलाची तारीख शेजारी ठेवून बघा. हे वाचणाऱ्या इतरांची नोंदणी झालीच नसेल तर आजच करा, पोर्टलवर फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. आणि हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता इकडचा माल तिकडे विकणाऱ्या व्यापाऱ्याने त्यावर विसंबू नये.

थकबाकीसाठी तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे करायची. ऑनलाइन होते. कागद कुठले लागतात ते सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात सांगतील. इथे पुण्याच्या कोर्टाची अट आड येत नाही, कारण पुरवठादार जिथला तिथल्या परिषदेला अधिकार, खरेदीदार भारतात कुठेही असो. परिषदेचा निकाल कंपनीला मान्य नसेल तर आव्हान देण्याआधी रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात. थकवणाऱ्या कंपन्या या परिषदेचं नाव ऐकून फोन उचलायला लागतात ते यामुळेच.

बाकीच्या दोन-तीन अटी झटपट. पंधरा दिवसांत तक्रार केली नाही तर हक्क संपला, ही अट कलम २८ खाली रद्दबातल. १९९७ च्या दुरुस्तीनंतर अशी हक्कच संपवून टाकणारी वाक्यंही चालत नाहीत. पैशाच्या दाव्याला मुदत कायद्याची तीन वर्षं आहेत ती आहेत. कंपनीचा संचालकच लवाद, हेही चालत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने असा हितसंबंधी माणूस लवाद होण्यास अपात्र ठरवला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्याला दुसरा लवाद नेमण्याचाही अधिकार नाही. पण लवादाची अट त्यामुळे उडत नाही, तटस्थ माणूस नेमून घ्यावा लागतो. पुण्याच्या कोर्टाची अट मात्र टिकते. व्यवहाराचा काही भाग पुण्यात घडला असेल तर दोन संभाव्य ठिकाणांपैकी एक निवडायला पक्षकार मोकळे असतात. गैरसोयीची आहे, बेकायदा नाही.

आणि इथेच दिरांचं गणित चुकतं. गैरसोयीची, एकतर्फी, अगदी अन्यायाची वाटणारी अट आपोआप रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका सरकारी कंपनीच्या कर्मचाऱ्याला डोळे झाकून सही करायला लावलेली अट जाचक म्हणून रद्द केली, पण त्याच निकालात बजावलं की दोन्ही बाजू व्यावसायिक असतील आणि व्यवहार धंद्याचा असेल तर हे तत्त्व लागू होणार नाही असं होऊ शकतं. कायद्याच्या नजरेत तुम्ही घरात भडंग परतणारी सून नाही, उद्योजिका आहात. 'इंग्रजी कळलं नाही' किंवा 'फॉरमॅलिटी आहे म्हणाले' हे तुमच्या बाबतीत खरं असेलही, पण वाचण्याची संधी असताना न वाचता सही केली, याला न्यायालय फसवणूक म्हणत नाही. तोंडी दिलेलं आश्वासन लेखी अटीच्या विरुद्ध सिद्ध करणं फार जड जातं. करारात मुळात दर बदलण्याचा अधिकार कंपनीला दिलेला असेल, तर दर कमी केल्याबद्दल हाती फारसं लागणार नाही. नसेल, तर तुमच्या संमतीशिवाय तो बदलता येत नाही. ते पान आधी काढा.

आता पाककृती. तुम्ही लिहिलंत, 'पाककृतीही कंपनीची, असं कुठेतरी आहे.' ते 'कुठेतरी' नेमकं शोधा. अशा करारात सहसा असं वाक्य असतं की कराराच्या काळात पुरवठादाराने सांगितलेली किंवा तयार केलेली प्रत्येक पाककृती, प्रक्रिया आणि त्यातली सुधारणा कंपनीच्या मालकीची. हे व्यापार रोखणं नव्हे. हे मालकी देऊन टाकणं आहे, आणि आपली वस्तू स्वस्तात किंवा फुकट देऊन टाकण्यापासून करार कायदा सज्ञान माणसाला वाचवत नाही. पाच वर्षांची बंदी उडाली तरी कंपनी म्हणू शकते की भडंग जरूर करा, पण हा मसाला आमचा.

यावर वादाला जागा आहे. चुरमुरे, शेंगदाणे, तळलेला लसूण, कढीपत्ता, तिखट हे सांगलीत घराघरात आहे, त्यावर कोणाचीच मालकी नाही. सासूबाईंचा मसाला कराराच्या कितीतरी आधीपासून बाजारात होता, हे दाखवता आलं तर तो 'कराराच्या काळात तयार केलेला' राहत नाही. मात्र 'सांगितलेली' या शब्दात तो अडकू शकतो, म्हणून तुम्ही त्यांना नेमकं काय लिहून दिलंत ते महत्त्वाचं. प्रमाणासकट यादी ईमेल केली होती? त्यांच्या माणसाने येऊन वजनकाट्यावर टिपून नेलं? की त्यांनी फक्त तयार माल चाखला? करारापूर्वीची बिलं, जुनी लेबलं, अन्न परवान्याची पहिली प्रत, मसाल्याच्या कच्च्या मालाच्या पावत्या, जुन्या फोनमधले तारखेसकट फोटो, सगळं एका फायलीत गोळा करा. कंपनीच्या सांगण्यावरून दोन वर्षांत काही नवा स्वाद केला असेल, तर तो सोडून द्या. त्यावर भांडू नका. त्यांचं नाव, पाकिटाचा रंग, रचना यांच्या जवळपासही जाऊ नका. तिथे ट्रेडमार्कचा कायदा त्यांच्या बाजूने आहे.

तेव्हा माझ्या मते क्रम असा ठेवा. अख्खा करार मराठीत समजावून सांगणारा वकील गाठा, आणि त्याला 'यातून सुटता येईल का' असं विचारू नका. प्रत्येक अटीसमोर 'टिकते', 'टिकत नाही', 'वाद आहे' अशी खूण करून द्या म्हणावं. मग थकबाकीचा बिलवार, तारीखवार हिशेब आणि व्याज लिहून मागणीपत्र पाठवा. कंपनीने सतत उशिरा पैसे देणं हा त्यांनी केलेला भंग आहे, तो तुमच्या नोटिशीआधी कागदावर आलेला बरा. त्यानंतर करारात असेल त्या मुदतीची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने द्या. नोटिशीच्या काळात ठरलेला माल ठरल्या दर्जाचा जाऊ द्या, एक पोतंही मागे ठेवू नका. स्वतःच्या नावाची नोंदणी, पाकिटाचं डिझाइन, दुकानदारांशी बोलणी ही तयारी आतून चालू ठेवायला हरकत नाही, विक्री मात्र मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कंपनी एकतर्फी मनाई हुकूम आणेल अशी शंका असेल तर वकिलाला पुण्याच्या न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, दाखल करायला सांगा, ते ९० दिवस चालतं.

अट रद्दबातल आहे म्हणजे वकिलाची नोटीस येणारच नाही असं नाही. येईल. पंधरा ओळींची, दहा लाखांचा आकडा ठळक करून. तिला वकिलामार्फत शांतपणे उत्तर द्या आणि भट्टी चालू ठेवा. बहुतेकदा मामला तडजोडीवर येतो: ते बंदीचा आग्रह सोडतात, तुम्ही व्याजाचा काही भाग. तडजोड केलीत तर डिपॉझिट परत मिळाल्याचा उल्लेख आणि 'पाककृतीवर कोणताही दावा राहिलेला नाही' हे वाक्य त्या कागदावर असल्याखेरीज सही करू नका.

आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीने विचारलं, विचारतीलच, तर मसाला त्यांच्या कागदात येऊ देऊ नका. तयार माल द्या, घटकांची यादी लेबलपुरती द्या, प्रमाण देऊ नका. प्रमाण सासूबाईंकडे आणि तुमच्याकडे राहू द्या.